बिग क्रिटचा डबल अल्बम: पहिली डिस्क वाजते, दुसरी कळेना

बाराइंची, कराड

नमस्कार मंडळी. माझा धंदा गाड्यांना साउंड बसवायचा. आधी डॉल्बीच्या बॉक्सांवर काम करायचो, मिरवणुकीत पोलीस कडक झाले तसा गाड्यांकडे वळलो. इंग्रजी जेमतेम, रॅप त्याहून जेमतेम. प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

झालं असं. दिवाळीच्या आधी एक पोरगा स्कॉर्पिओ घेऊन आला. डिक्कीत बारा इंची दोन सब, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, पोर्टेड बॉक्स, एक मोठा अँप. काम संपलं की मी माझी ठरलेली दोन-तीन गाणी लावून बघतो. तो म्हणाला, "ती नको, हे लावा." पेन ड्राइव्हमध्ये एकच फोल्डर. बिग क्रिट नावाच्या अमेरिकन रॅपरचा अल्बम, 'फॉरएव्हर इज अ माइटी लाँग टाइम', २०१७. चौथं गाणं लावायला सांगितलं, 'सबेनस्टाइन'.

मी गाडीच्या बाहेर उभा. आधी नंबर प्लेट बोलायला लागली. मग टेबलावरच्या वाटीत स्क्रू नाचायला लागले. शेजारचा पंक्चरवाला हातात ट्यूब घेऊन बाहेर आला, काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. पण खरी गंमत पुढेच. एवढा बेस असून त्या माणसाचा एक शब्द दबत नव्हता. आपल्याकडे बेस वाढवला की गाणारा खड्ड्यात जातो. इथं बेस खाली लांब पसरलेला आणि आवाज त्याच्यावर सतरंजीवर मांडी घालून बसल्यासारखा. पंधरा वर्षांत असं फार कमी ऐकलंय.

घरी येऊन फोनवर अल्बम शोधला. बावीस गाणी. पहिली अकरा मी आता दुकानात दिवसभर लावतो. बारावं गाणं सुरू झालं की मात्र सगळं पालटतं. त्याचं नाव 'जस्टिन स्कॉट'. तिथनं पुढे ऑर्गन येतो, कोरस येतो, कुठं ट्रम्पेट येतो. आमचा मदतनीस म्हणाला, "मालक, हे काय, बाराव्याचं भजन लावलंय का?" गाणंही नेमकं बारावंच.

तर हा जस्टिन स्कॉट कोण? दुसराच गायक आहे का? दोन्ही एकाच अल्बममध्ये का कोंबलेत? अजून एक. सहाव्या गाण्यात पिंप सी म्हणून एक जण आहे, नेटवर बघितलं तर तो २००७ ला गेलाय. मग २०१७ च्या गाण्यात कसा? आणि सगळीकडे लिहिलंय की अल्बम इंडिपेंडंट आहे, पण खाली बीएमजी या कंपनीचं नाव. म्हणजे नक्की काय?

रातकिडा

माणूस एकच आहे. जस्टिन स्कॉट हे खरं नाव, बिग क्रिट हे रंगमंचावरचं. क्रिट म्हणजे किंग रिमेंबर्ड इन टाइम, त्याची आद्याक्षरं. मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियन गावचा, जन्म १९८६. दोन डिस्क मुद्दाम केल्यात. पहिलीचं पहिलं गाणं 'बिग क्रिट', दुसरीचं पहिलं 'जस्टिन स्कॉट'. अकरा-अकरा गाणी.

पिंप सीचा आवाज आधी रेकॉर्ड झालेला वापरलाय. तो आणि बन बी, दोघं मिळून यूजीके ही रॅपची जोडी. टेक्सासमधल्या पोर्ट आर्थरचे, तेलाच्या रिफायनऱ्यांचं गाव. क्रिट लहानपणापासून त्यांचं ऐकत वाढलेला, त्यामुळे सहावं गाणं त्याच्यासाठी घरचं कार्य आहे, गेलेल्या माणसाचंही पान वाढायचं असतं.

आणि शीर्षकातलं 'माइटी' म्हणजे तुमच्याकडचं 'लय'. कायमचं म्हणजे लय लांबचं काम, असा अर्थ. एवढं सोडलं तर माझं मत स्पष्ट आहे, दुसरी डिस्क लांबलीये. दोन-तीन गाणी घ्या, बाकी सोडा.

कापूसकोंडा

रातकिड्याशी कडाडून असहमत, पण ते शेवटी.

बाराइंची दादा, मी मूळची अमरावतीची. २०१७ ते २०१९ मिसिसिपीत स्टार्कव्हिलला होते, कापसाच्या जमिनीवर एम.एस. करायला. विदर्भातला कापूस सोडून तिथला कापूस बघायला गेले, आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. तिथे मी जुनी करोला घेतली होती. चारपैकी एक स्पीकर चालू, तोही मागच्या डाव्या दारातला. तुमच्यासारख्याने बघितली असती तर रडला असतात. पण हा अल्बम मी पहिल्यांदा त्याच गाडीत ऐकला, कारण बरोबरची मुलगी तिकडचीच होती आणि ऑक्सची वायर तिच्या हातात असायची.

मेरिडियन आमच्यापासून दक्षिणेला दीडेक तास. तिथे जायचं कारण रेल्वे. न्यूयॉर्कहून न्यू ऑर्लिन्सला जाणारी क्रेसेंट तिथे थांबते, दिवसातून एकदा. मैत्रिणीला न्यू ऑर्लिन्सला जायचं होतं, रविवारी दुपारची गाडी, म्हणून सोडायला गेले. गाडी लेट. किती लेट ते कोणी नीट सांगेना, हे मात्र अगदी बडनेऱ्यासारखं. मग आम्ही गावात हिंडलो. रेल्वेवरच पोसलेलं जुनं गाव. कंट्री संगीताचा जनक म्हणतात तो जिमी रॉजर्स याच गावचा, आणि तोही आधी रेल्वेत ब्रेकमनच होता. चौकाचौकात रंगवलेले घोडे उभे केलेत, कारण गावात एक जुनं लाकडी मेरी-गो-राउंड आहे आणि त्याचा त्यांना फार अभिमान. रविवार असल्यामुळे दुकानं बंद, रस्ते रिकामे.

पेट्रोल भरायला थांबलो तर शेजारच्या पंपावर एक जुनी चौकोनी शेव्हरले येऊन उभी राहिली. मोठी चाकं, रंग असा की ओला वाटावा. काचा बंद, तरी माझ्या करोलाचा आरसा थरथरत होता. मला वाटलं आता कोणीतरी सोन्याच्या दातांचा पोरगा उतरणार. दार उघडलं आणि सत्तरीच्या आजी उतरल्या. जांभळा झगा, त्याच रंगाची चर्चची मोठी टोपी, टोपीवर पीस. दार उघडलं तसा आवाज बाहेर आला. चर्चचं गाणं! टाळ्या, कोरस, ऑर्गन, आणि खाली डिक्कीतले सब पूर्ण जोरात. मैत्रीण हसून म्हणाली, नातवाची गाडी असणार, आजीला बेसचं बटण सापडलं नसेल. आजींनी पेट्रोल भरलं, आम्हाला मान हलवून नमस्कार केला, आणि नंबर प्लेट खडखडवत निघून गेल्या.

दुसरी डिस्क मला त्या दिवशी कळली. आपण डोक्यात दोन कप्पे करतो, गाडीतलं रॅप इकडे, चर्चचं तिकडे. तिथे डिक्की एकच आहे. ज्या पोराने सबसाठी पैसे साठवले तोच दर रविवारी आजीबरोबर चर्चच्या बाकावर बसलेला असतो. क्रिटने हे दोन्ही लपवलं नाही, फक्त प्रत्येकाला वेगळी डिस्क दिली. पहिलीत तो जगाला दिसतो तसा: गाडी, गाव, सोनं, रुबाब. दुसरीत शाळेच्या हजेरीपटावरचं नाव.

तुमच्या मदतनिसाला 'कीप द डेव्हिल ऑफ' लावून दाखवा. दुसऱ्या डिस्कचं तिसरं. ऑर्गन आहे, टाळ्या आहेत, सैतानाला दूर ठेवण्याची गोष्ट आहे, आणि तरीही ते डिक्कीचंच गाणं आहे. मग रात्री, दुकान बंद केल्यावर, एकट्याने 'ड्रिंकिंग सेशन्स'. त्यात कीऑन हॅरोल्डचं ट्रम्पेट आहे. पिण्याबद्दल, एकटेपणाबद्दल तो असं बोलतो की मध्येच रॅप थांबून नुसतं बोलणं उरल्यासारखं वाटतं. ते गाणं गिऱ्हाइकासमोर लावू नका.

रातकिड्या, 'दोन-तीन घ्या, बाकी सोडा' म्हणणं म्हणजे लग्नात फक्त पंगतीला येण्यासारखं आहे.

रातकिडा

पंगतीलाच येतो मी, नाकारत नाही.

खरडवही, नाशिक रोड

मी बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत, बनवतो, म्हणून दादांच्या दोन गोष्टींना हात घालतो.

आधी शब्द का दबत नाहीत ते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या रॅपमध्ये बेस म्हणजे बहुतेक वेळा ८०८. रोलँड कंपनीचं ड्रम मशीन, १९८० ला आलं, तीन वर्षांत बंद पडलं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली. मग तीच मशिनं सेकंड हँड बाजारात स्वस्तात आली आणि पोरांच्या हाती लागली. त्याची किक लांबवली की ती ठोका राहत नाही, सूर होते. तो सूर चाळीस हर्ट्झच्या आसपास ठेवायचा, माणसाचा आवाज त्याच्या खूप वर, आणि मधली गल्ली शक्यतो मोकळी. आपले लोक त्या गल्लीत ढोल, ताशा, कीबोर्ड, हॉर्न सगळं पार्क करतात, मग गाणारा कुठून येणार? शिवाय क्रिट स्वतः संगीत निर्माता आहे, नुसता रॅपर नाही. 'माय सब' नावाची मालिकाच आहे त्याची: २०११ ला पहिलं, मग २०१२, २०१४, आणि 'सबेनस्टाइन' हे चौथं. सब अधिक फ्रँकेन्स्टाइन. एखादा माणूस सबवर चार चार गाणी करतो म्हणजे तो तुमच्याच धंद्यातला समजा.

आता इंडिपेंडंट, म्हणजे मोठ्या कंपनीबाहेर राहून काढलेलं. २०१० ला त्याने 'क्रिट वॉज हिअर' ही मिक्सटेप, म्हणजे स्वतःच जमवलेला गाण्यांचा संच, इंटरनेटवर फुकट सोडली. त्यावर डेफ जॅमने त्याला घेतलं. डेफ जॅम म्हणजे युनिव्हर्सल, जगातल्या तीन मोठ्या कंपन्यांपैकी एक. पण त्यांच्याकडचा पहिला अल्बम यायला २०१२ उजाडलं, दुसरा २०१४ ला. मधल्या काळात तो फुकट मिक्सटेपा सोडतच होता, आणि बऱ्याच चाहत्यांना त्याच जास्त आवडायच्या. याचं एक साधं कारण आहे. फुकटच्या टेपवर जुन्या सोल गाण्याचा तुकडा उचलून लूप केला, म्हणजे परत परत फिरवला, तर सहसा कोणी मागे लागत नाही. तोच तुकडा विकायच्या अल्बममध्ये घेतला की दोघांची परवानगी लागते: रेकॉर्डिंग ज्याच्या मालकीचं त्याची, आणि गाणं ज्याने लिहिलं त्याची. एकाने नाही म्हटलं किंवा तोंडाला येईल ती रक्कम मागितली की बीट गेली. मोठ्या अल्बमवर म्हणूनच खरे वादक बोलवावे लागतात. २०१२ च्या अल्बममध्ये तर त्याच्याबरोबर ब्लूजवाला बी. बी. किंग आहे, तोही मिसिसिपीचाच.

२०१६ ला तो डेफ जॅममधून बाहेर पडला. मग मल्टी अलम्नाय हे स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, आणि २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये हा अल्बम, बीएमजीला बरोबर घेऊन. बाहेर पडल्यावरचा पहिलाच अल्बम आणि थेट बावीस गाणी, त्यातली अर्धी अशी की ज्यांना रेडिओवर कोणी हात लावणार नाही. मोठ्या कंपनीच्या टेबलावर हा कागद ठेवला असता तर पहिला प्रश्न आला असता, दुसरी डिस्क कशाला?

कडूकारलं

बीएमजी म्हणजे जर्मनीची बर्टल्समन. पुस्तकं, टीव्ही, संगीत, सगळीकडे हात. असल्या कंपनीच्या मांडीवर बसून इंडिपेंडंट म्हणवून घ्यायचं? उद्या आमच्या गल्लीतला पोरगा मॉलमध्ये दुकान टाकून स्वतःला फेरीवाला म्हणेल. दक्षिणेत खरे इंडिपेंडंट होते ते डीजे स्क्रूसारखे, ह्यूस्टनला घरून करड्या कॅसेटी विकायचे, लोक रांग लावून घ्यायचे.

खरडवही, नाशिक रोड

कारल्या, स्क्रूबद्दल वाद नाही. पण तिथल्या बऱ्याच जणांनी हे दोन टप्प्यांत केलंय. आधी गाडीच्या डिक्कीतून कॅसेट विकायची, कारण न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या कंपन्या दारात उभं करत नव्हत्या. १९९५ च्या सोर्स अवॉर्ड्स या रॅपच्या बक्षीस समारंभात अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीला बक्षीस मिळालं तर न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. तेव्हा त्यांच्यातला आंद्रे माइकवर एवढंच म्हणाला की साउथकडेही सांगण्यासारखं आहे. मग डिक्कीतला माल वाढला की वाहतूक लागते. न्यू ऑर्लिन्सच्या मास्टर पी या रॅपरने १९९६ ला प्रायॉरिटी कंपनीशी व्यवहार केला, त्यात माल दुकानात पोचवायचं काम कंपनीचं, पण मूळ (मास्टर) रेकॉर्डिंग त्याच्याच मालकीचं आणि सिंहाचा वाटाही त्याचाच. त्याला कोणी कंपनीच्या मांडीवर बसलेला म्हणत नाही.

मी विचारतो फक्त दोन गोष्टी. अल्बमवर पहिलं नाव कुणाचं, आणि कुठलं गाणं राहणार कुठलं जाणार हे कोण ठरवतं. हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. सहा वर्षांपूर्वी मी एक बीट आठ हजाराला विकली. कागद इंग्रजीत, चार पानं, मी फक्त रकमेचा आकडा वाचला. गेल्या गणपतीत तीच बीट एका जाहिरातीत वाजली. बायकोला म्हटलं, ही माझी. ती म्हणाली, मग फोन कर की. कुणाला करू? चौथ्या पानावर मीच लिहून दिलंय की ती माझी नाही.

कडूकारलं

बरं. तुझ्या आठ हजारांपुढे माझं कारलं मागे घेतो. बीएमजी अजून मोठीच आहे पण.

बाराइंची, कराड

सगळ्यांचे आभार. ताई, तुमची ती शेव्हरलेवाली आजी डोक्यातून जाईना. दोन दिवस गिऱ्हाइकांना सांगतोय.

इंडिपेंडंटचं मला आता असं समजलं. ऊस माझा, शेत माझ्या नावावर, ट्रॉली भाड्याची. ट्रॉलीवर मालकाचं नाव मोठ्या अक्षरात असतं म्हणून ऊस त्याचा होत नाही. काटा कोण मारतो ते बघायचं. कारलेभाऊ, तुम्ही काट्याकडे लक्ष ठेवा, मी शेताकडे बघतो.

दुसरी डिस्क काल ऐकली, ताईंनी सांगितलं तशी. शटर अर्धं ओढलं, अँपचा गेन खाली घेतला, मदतनिसाला मुद्दाम थांबवलं. 'कीप द डेव्हिल ऑफ' लावलं. पठ्ठ्या पहिलं एक मिनिट तोंड वाकडं करून बसला, मग बोटानं डब्यावर ताल धरला, आणि संपल्यावर म्हणाला, "परत लावा की." मी म्हटलं, बाराव्याचं भजन? म्हणाला, "हे बारावं नव्हं, चौदावं हाय." मोजत होता लेकाचा.

आमच्या आजोबांना तमाशाचा नाद होता, त्यामुळे एक आठवलं. तमाशात आधी गण होतो, देवाचं नाव घेतात, मग गवळण, मग रंगबाजी आणि वग. या माणसानं उलटं केलंय. आधी रंगबाजी, सगळे फेटे उडवून झाले, कनातीतली निम्मी माणसं बिडी ओढायला बाहेर गेली, आणि मग गण. म्हणून आमची फसगत झाली. ज्यांना बाहेर जायचं त्यांनी जावं असंच त्याला वाटत असेल तर माहीत नाही, पण मला तसंच वाटलं.

'ड्रिंकिंग सेशन्स' एकट्यानं ऐकलं. त्याबद्दल इथं लिहीत नाही. सोडून सव्वा वर्ष झालंय, एवढंच.

कापूसकोंडा

दादा, सव्वा वर्ष म्हणजे लय मोठं काम आहे. माइटी लाँग.

रातकिडा

मी पण काल रात्री दुसरी डिस्क सलग ऐकली. गायिका जिल स्कॉटबरोबरचं 'हायर कॉलिंग' मी मागच्या वेळी वगळलं होतं, ते वगळायला नको होतं. बाकी मत तेच.

बाराइंची, कराड

जाता जाता एक कामाचं. आज सकाळी तीच स्कॉर्पिओ परत आली. एक सब मुका. डिक्की उघडली तेव्हाच वास आला, कॉइल जळाल्याचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. मी विचारलं, काय लावलं होतंस? म्हणाला, चौथंच. किती वेळ? म्हणाला, कराड ते कोल्हापूर. आणि गेन? गेनची चकती शेवटपर्यंत फिरवलेली, मी मार्करनं केलेली खूण कुठल्या कुठं. वॉरंटीत बसत नाही म्हटल्यावर तोंड पाडून चहा प्यायला. मी त्याला म्हटलं, तोपर्यंत एका सबवर दुसरी डिस्क ऐक, तेवढ्याला एक पुरतो.

तर सांगली-मिरज भागात बारा इंची, ड्युअल चार ओमची कॉइल भरून देणारा कोणी जुना कारागीर माहीत असेल तर सांगा. नंबर इथं टाकू नका, नुसती गल्ली सांगा, मी शोधतो.